रंगराव फ्रेश

मंडईतल्या माणसाला शब्दांचं वावडं असून चालत नाही. गिऱ्हाइकाशी एका तोंडानं, हमालाशी दुसऱ्या आणि टेम्पोवाल्याशी तिसऱ्याच तोंडानं बोलावं लागतं, आणि त्यातलं एकच तोंड घरी नेण्याजोगं असतं. रंगराव बनकरांनी पन्नासएक वर्षं मंडईच्या गाळ्यावर पालेभाजी विकली. त्यांच्या कानांनी काय ऐकायचं बाकी ठेवलं असेल? पण अलीकडे एका साध्या, सोवळ्या, इंग्रजी शब्दाची त्यांना अशी शिसारी बसली होती की तो कानावर आला की ते पचकन थुंकायचे. तो शब्द म्हणजे 'फ्रेश'.

सुरुवातीला नुसता वैताग होता. नात संस्कृती कॉलेजातून आली की सॅक सोफ्यावर फेकून म्हणायची, "आजी, फ्रेश होऊन येते." म्हणजे तोंड धुऊन येते. तोंड धुवायला मराठीत काय बंदी आली होती, हे रंगरावांना कळेना. मुलगा रणजित चहा पिऊन म्हणायचा, आता कसं फ्रेश वाटलं. समोरच्यांचं पोरगं हिंजवडीला नोकरीला लागलं, तर ते म्हणे 'फ्रेशर'. रणजितच्या गाडीत आरशाला एक हिरवी बाटली लटकलेली असायची. ती 'फ्रेशनर'. तिच्या वासानं मांजरी गावातल्या घरापासून हडपसर येईपर्यंत रंगरावांना उमासे यायचे, आणि त्याच वासाची वडी न्हाणीघरातही टांगलेली होती. तोंड फ्रेश, चहा फ्रेश, पोरगं फ्रेश, गाडी फ्रेश, संडाससुद्धा फ्रेश.

"मग शिळं ऱ्हायलं तरी कोन?" त्यांनी एकदा बायकोला, वेणूबाईंना विचारलं.

"तुमी," वेणूबाई म्हणाल्या आणि परातीत पीठ घ्यायला लागल्या.

रंगरावांचा राग उगाच नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य ज्यात गेलं त्या धंद्यात प्रत्येक जिनसाला त्याचा त्याचा शब्द होता. मेथी कोवळी, काकडी करकरीत, वांगं तुकतुकीत, कोथिंबीर हिरवीगार. गवार निबर झाली की निबर म्हणायचं, पालक मलूल पडला की मलूल. गिऱ्हाइकालाही ते शब्द ठाऊक असत आणि त्याच शब्दांवर भांडण होई. "कोवळी म्हणता आणि देठ बघा, दोरखंड झालाय," असं पेठेतल्या बायका म्हणायच्या, आणि ते भांडण जिंकलं काय आणि हरलं काय, दोघांनाही माहीत असायचं की आपण एकाच भाजीविषयी बोलतो आहोत. आता या एका बोडक्या शब्दानं सगळ्यांना गिळलं होतं. गवारही फ्रेश, दूधही फ्रेश, मासेही फ्रेश. असल्या शब्दाशी भांडायचं तरी कसं?

आणि मंडईचा एक रिवाज होता. दिवस कलला की गाळ्यावर उरलेली भाजी उतरलेली असायची. पानं लोंबायची, रंग जायचा. मग गाळ्याखाली गोणपाट टाकून तिचे ढीग लावायचे. त्याला वाटा म्हणत. खाणावळवाले, खोली करून राहणारी पोरं, हातावर पोट असलेल्या बाया त्या वेळी मुद्दाम यायच्या. त्यांना कुणी फसवत नव्हतं आणि त्या कुणाला बोल लावत नव्हत्या. सकाळची भाजी सकाळच्या भावानं आणि संध्याकाळची संध्याकाळच्या. उतरलेली भाजी उतरलेली म्हणून विकण्यात रंगरावांना कधी लाज वाटली नाही.

रणजितला मंडईत बसायची लाज वाटायची. मांजरीतलं बनकरांचं रान टॉवरखाली गेलं होतं. उरला होता घराचा तुकडा आणि मागे एक पत्र्याची शेड. पोरानं तिथं चिरलेल्या भाजीचा धंदा काढला. वाघोली-खराडीकडच्या सोसायट्यांमध्ये नवराबायको दोघंही कामाला जातात, त्यांना निवडायला, चिरायला सवड नाही. तेव्हा दुधीच्या फोडी, चिरलेला पालक, तोडलेला फ्लॉवर असं सगळं प्लास्टिकच्या ट्रेत भरून घरपोच द्यायचं. रंगरावांना कल्पना वाईट वाटली नाही. चिरून देण्यात पाप काय? वेणूबाईही त्यांना चिरूनच घालत होत्या.

त्याच सुमारास रंगरावांची पंचाहत्तरी झाली. मांजरीच्या चौकात रणजितनं भला थोरला फ्लेक्स लावला. पांढरी टोपी, हातात मेथीची जुडी, चेहऱ्यावर हसू. फोटोग्राफरनं ते हसू आणायला बराच घाम गाळला होता. पुढं रणजितनं तोच फोटो बारीक करून पाकिटांच्या स्टिकरवर छापला. खाली नाव टाकलं 'रंगराव फ्रेश', आणि त्याखाली 'तीन पिढ्यांचा विश्वास'. म्हातारा सुखावला, खोटं कशाला बोला. नावापुढच्या त्या शब्दानं घास थोडा घशात अडकला, पण नाव आपलं होतं. एक स्टिकर त्यांनी गाळ्याच्या खांबाला चिकटवला आणि शेजारच्या कांदेबटाटेवाल्या मच्छिंद्रला दाखवला.

मच्छिंद्रनं लांबून पाहिलं. "बरं झालं," तो म्हणाला. "आता तुमी पाकिटात जाणार."

काही महिन्यांनी त्याच मच्छिंद्रनं चहा पिता पिता सहज सांगितलं की रणजितचा टेम्पो हल्ली बाजार उठायच्या वेळी बाहेरच्या रस्त्यावर येतो आणि कुणाचाही उतरलेला माल क्रेटच्या क्रेट उचलून नेतो. वाट्याला येणाऱ्या बाया हात हलवत परत जातात. रंगरावांनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारीच गाळा बंद करून ते मांजरीला आले आणि घरात न जाता थेट मागच्या शेडकडे वळले.

दाराशीच वासानं त्यांना थोपवलं. उतरलेल्या भाजीचा वास त्यांना नवा नव्हता, पण तो उघड्यावरचा असायचा, वारा लागलेला. इथं पत्र्याखाली तो शिजत होता. पालकाच्या गठ्ठ्यांतून काळपट, बुळबुळीत पाणी सुटून जमिनीवर ओघळ आले होते आणि चिरणाऱ्या बायांचे पाय त्यातच होते. एक बाई फ्लॉवरवरचे काळे डाग सुरीनं खरवडत होती, जशी करपलेल्या भांड्याची खरवड काढावी तशी. दुसरी दुधीची नासलेली बाजू उडवून उरलेल्याच्या फोडी करत होती. सगळ्या फोडी एका निळ्या पिंपात पडत होत्या. पिंपातल्या पाण्यात कसलीशी पांढरी पावडर होती. त्यातून बाहेर आलेली फोड पांढरीशुभ्र, टणक, जणू आत्ताच वेलावरून उतरवलेली. मग ट्रे, वर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर रंगराव, हसताना.

ते शेडच्या मागे गेले आणि भडभडून ओकले.

रणजित मागोमाग आला. त्यानं बाटलीतलं पाणी दिलं. तो काही वाईट पोरगा नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"आबा, नासकं काढून टाकतो आपण. पब्लिकला फक्त चांगला पार्ट जातो."

"आन् वर काय लिव्हतो?"

"फ्रेश. मग? फ्रेश म्हणजे काय? आज कट केलेलं. तारीखपण आजचीच टाकतो. खोटं काय आहे त्यात?"

"मढ्याला आज न्हाऊ घातलं म्हनून ते आज जलमलं का रं?"

"तुम्ही पण वाटा विकायचातच ना?"

"वाटा म्हनून विकायचो," रंगराव म्हणाले. "वाटा म्हनून."

रणजितनं खांदे उडवले. हा फरक त्याला दिसतच नव्हता. डोळ्यांत धूळ गेलेल्या माणसाला फुंकर घालता येते, पण ज्याला दिसतंच तेवढं आहे त्याचं काय करायचं? रंगरावांनी एवढंच सांगितलं की माझा फोटो काढ. रणजित म्हणाला, बघू, स्टिकरचा मोठा लॉट छापून झालाय.

तसेच दिवस गेले. रंगराव घरात जेवायला बसले की ताटाकडे बघत बसायचे. वेणूबाईंनी स्वतः दारातून घेतलेली, स्वतः निवडलेली भाजी असायची, तरी त्यांना त्या पिंपाचा वास यायचा. सून, नात, सगळी त्या धंद्यावर जेवत होती. तेव्हा ते गप्प राहिले.

मग एका सकाळी गाळ्यावर आगाशेबाई आल्या. नारायण पेठेतल्या या बाई लग्न होऊन आल्यापासून रंगरावांकडून भाजी घेत होत्या आणि तेव्हापासून त्यांच्याशी भांडत होत्या. जुडी उचलायच्या, नाकाला लावायच्या, देठ मोडून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही मेथी माझ्यापेक्षा मोठी दिसते." गेले काही महिने त्या फिरकल्या नव्हत्या. रंगरावांना वाटलं होतं, वय झालं, काही बरंवाईट झालं की काय.

"लिंबू द्या एक," आगाशेबाई म्हणाल्या. "एकच. बाकी सगळं आता घरी येतं."

"घरी?"

"गुडघे गेले माझे. जिना उतरायचा म्हणजे दिव्य. भाचीनं फोनवर तुमचंच ते पाकीट लावून दिलंय. आमच्या ह्यांना बायपासपासून दुधीच द्यायचा ना रोज, तो चिरलेला मिळतो. पहिल्यांदा मी घेणारच नव्हते. म्हटलं, न बघता भाजी घ्यायची? पण वर तुमचा फोटो." बाईंनी लिंबू पिशवीत टाकलं. "इतकी वर्षं तुमचं सगळं हुंगून घेतलं. आता फोटो बघते आणि सरळ कढईत टाकते. म्हातारपणी एवढी तरी चैन असावी माणसाला."

 बाई, ते घेऊ नका, एवढंच रंगरावांना म्हणायचं होतं. चार शब्द. पण मागे मच्छिंद्र कान देऊन बसला होता, पुढं दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि पाकिटावर पोराचं घर चालत होतं. त्यांनी आगाशेबाईंना आणखी एक लिंबू दिलं आणि पैसे घेतले नाहीत. बाई थक्कच झाल्या. उभ्या जन्मात रंगरावांनी कुणाला काही फुकट दिलं नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी रणजितला पुन्हा गाठलं. या वेळी आवाज चढला, वेणूबाई मध्ये पडल्या. रणजित म्हणाला, "आबा, प्रत्येक जण तुमचा चेहरा बघून घेतोय. आत्ता फोटो काढला तर लोक विचारतील, का काढला. मग मी काय सांगू?"

"जे हाय ते सांग."

रणजित हसला. त्या हसण्याची रंगरावांना फार किळस आली, कारण ते थेट त्यांच्याच फोटोतलं हसू होतं.

शनिवारी सकाळी रणजितची गाडी वाघोलीच्या एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी पाकिटं विकायला उभी राहायची. त्या शनिवारी रंगरावांनी शेडमधले दोन क्रेट रिक्षात घातले, वर एक गोणपाट टाकलं आणि गाडीपासून हातभर अंतरावर जाऊन बसले. मलूल पालक, डागाळलेला फ्लॉवर, एका अंगानं बसलेले दुधी. त्यांनी व्यवस्थित वाटे लावले आणि मंडईत कमावलेला आवाज काढला.

"शिळी घ्या, शिळी. कालची शिळी, परवाची शिळी."

आधी वॉचमन आला. मग सकाळचं पळायला गेलेली मंडळी परतताना घाम पुसत थांबली. एका मुलीनं पाकिटावरचा फोटो पाहिला, मग खाली बसलेला म्हातारा पाहिला. "अय्या, हे तेच आबा आहेत. रंगराव फ्रेशवाले." मोबाइल निघाले. रणजित गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, हे काय विकताय?" कुणीतरी विचारलं.

"पाकिटात हाय तेच," रंगराव म्हणाले. "ते चिरल्यालं, हे आख्खं. तिकडं धुऊन दिसंनासं केलंय, हितं दिसतंय, येवढाच फरक."

लोक हसले. रंगरावांनी पुन्हा सांगितलं, शेड कुठं आहे, पिंपात काय आहे, नासकं कसं खरवडतात. लोक आणखी हसले. एक पोरगा म्हणाला, काय भारी मार्केटिंग आहे यार, आबा एकदम फ्रेश कंटेंट देतात. दोघातिघांनी त्यांच्या शेजारी उकिडवं बसून फोटो काढले. आणि मग ते सगळे उठून गाडीकडे गेले आणि त्यांनी पाकिटं घेतली. रंगराव बघत राहिले. ओरडून ओरडून खरं सांगावं आणि लोकांनी त्यालाच जाहिरात समजून पाकिटं घ्यावीत, याहून घाणेरडं काही त्यांनी मंडईच्या नाल्याकाठीही पाहिलं नव्हतं.

एकच बाई हसली नाही. कामावर निघालेली असावी, गळ्यात ओळखपत्र होतं. तिनं एक दुधी उचलला, उलटा केला, रंगरावांच्या डोळ्यांत पाहिलं आणि हातातलं पाकीट रणजितच्या गाडीवर परत ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं की आबा गंमत करत नव्हते, पाकिटं घेऊ नका.

रणजितनं आदळआपट केली नाही. आठवडाभर तो बापाशी बोललाच नाही. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर त्यानं नवं पाकीट आणून ठेवलं.

"घ्या. तुमचा फोटो काढला. झालं मनासारखं?"

पाकिटावर दुसराच म्हातारा होता. पिळदार मिशा, भगवा फेटा, गुलाबी गाल, पाठीमागे हिरवं शेत आणि एक स्वच्छ गाय. कॉम्प्युटरवर बनवला होता म्हणे, असा माणूस कुठं नसतोच. खाली नाव तेच होतं, 'रंगराव फ्रेश'.

"आता कुठेही जाऊन बसा," रणजित म्हणाला. "कोणी ओळखणार नाही."

संस्कृतीनं पाकीट हातात घेऊन पाहिलं. पोरगी मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. "आबा, राग नका मानू हं," ती म्हणाली, "पण हे आजोबा जरा जास्त फ्रेश वाटतात."

रंगराव ताटावरून उठले. सगळ्या घराचीच त्यांना ओकारी आली होती, त्या टेबलाची, त्या पाकिटाची, न्हाणीघरात टांगलेल्या वासाच्या वडीची. एकच गोष्ट त्यांना बरी वाटली. आता आगाशेबाई तरी थांबतील. ज्या बाईनं इतकी वर्षं आपलं तोंड पाहिलं, ती त्या मिशाळ बुजगावण्याला कशी भुलेल? फोटो बदलला की तिचा विश्वास उडेल आणि आपल्याला काही बोलावंही लागणार नाही.

तरी मनाला स्वस्थता नव्हती. बाईंचा निरोप नाही, गाळ्यावर येणं नाही. शेवटी एका सकाळी, गाळा मच्छिंद्रवर सोपवून, ते नारायण पेठेत गेले. गाळ्यापलीकडे त्यांना बाईंचं घर ठाऊक नव्हतं. वाण्याला विचारून त्यांनी पत्ता काढला, जिने चढले. आगाशेबाईंनी दार उघडलं आणि त्यांना बघून खरोखर आनंदल्या.

"या, या. भाजीवाला घरी येतो म्हणजे माझा काळ जवळ आला म्हणायचा. बसा." त्या लंगडत स्वयंपाकघरात गेल्या, रंगराव दाराशी टेकले. गॅसवर कढई होती, झाकणातून वाफ येत होती. ओट्यावर रिकामा ट्रे पडला होता आणि त्यावर फेटेवाला हसत होता.

"फोटो बदललात वाटतं," बाई म्हणाल्या. "छान दिसताय. फेटा शोभतो तुम्हाला. तब्येतही सुधारलेली दिसते."

रंगरावांना आधी वाटलं, बाई टोमणा मारतात. मग त्यांनी बाईंचे डोळे पाहिले. त्यात टोमणा नव्हता. पांढरट झालेल्या त्या डोळ्यांना पाकिटावर कुणीतरी म्हातारा दिसत होता, खाली रंगरावांचं नाव वाचता येत होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

"बाई, ह्यो मी न्हाई."

"म्हणजे?"

रंगरावांनी सांगितलं. शेड सांगितली, बाजार उठल्यावर येणारा टेम्पो सांगितला, पिंपातलं पाणी सांगितलं. पोराचं नाव घेतानाही ते थांबले नाहीत. बाईंनी चष्मा लावला, ट्रे खिडकीपाशी नेला, बराच वेळ फोटो पाहिला, मग रंगरावांना पाहिलं. भांडतील, असं रंगरावांना वाटलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांना सवय होती.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"लई दिवस झालं," रंगराव म्हणाले.

"मी लिंबू न्यायला आले होते तेव्हा?"

"व्हय."

"त्यानंतर रोज हाच दुधी घातलाय मी ह्यांना," आगाशेबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोटाच्या तक्रारीनं अर्धे झालेत. डॉक्टर म्हणाले, वय आहे, दुधी वाढवा. मी वाढवला."

इतके दिवस रंगराव ज्याची त्याची किळस करत आले होते. शब्दाची, पोराची, वाघोलीच्या हसणाऱ्या लोकांची. आता त्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांना स्वतःच्या गप्प बसलेल्या तोंडाची शिसारी आली, आणि ती थुंकून जाण्यासारखी नव्हती.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. मागोमाग आगाशे बारीक आवाजात विचारत होते, पान वाढायला अजून किती वेळ आहे.

बाईंनी गॅस बंद केला. कढई तशीच उचलून मोरीत उपडी केली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "थांबा जरा. वरणभात टाकते."

मग त्यांनी वळून पाहिलं, तर रंगराव अजून दाराशीच होते. "तुम्ही निघा आता," त्या म्हणाल्या.